इरले की छप्पर?

आमच्या शाळेपासून समुद्र रेल्वेच्या दोन रात्रींइतका लांब आहे. त्यामुळे मराठी पानासाठी मी शिडाच्या होडीवरच्या कापडी टपाविषयी लिहितो आहे असे सांगितल्यावर हाउसमधला पहिला प्रश्न होता, "टप? रिक्षाचा?" प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. रिक्षाच्या टपासारखाच हा प्रकार असतो. होडीच्या केबिनचे दार आणि त्यामागची बसायची खोलगट जागा, म्हणजे कॉकपिट, यांच्या पुढे स्टीलच्या दोन-तीन कमानी उभ्या करतात, त्यांवर कापड ताणतात आणि पुढच्या बाजूला पारदर्शक खिडक्या लावतात. लाटेवर नाळ आपटली की उडणारे पाणी या टपावर पडते, माणसाच्या तोंडावर नाही. इंग्रजीत याला स्प्रेहूड किंवा डॉजर म्हणतात. आमचा मामा टपच म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणेन.

एवढ्याशा वस्तूबद्दल मत कसले असायचे, असे वाटेल. मलाही तसेच वाटत होते. पण गेल्या मे महिन्यात या टपामुळे, खरे म्हणजे टपामागे बसलेल्या माझ्यामुळे, एका माणसाच्या जिवावर बेतले असते. त्यानंतर डिसेंबरच्या सुट्टीत मामाच्या होडीला नवा टप शिवायचा ठरला आणि घरात आठ दिवस वाद चालला. त्या वादात माझी बाजू काय होती आणि ती का होती, ते इथे मांडतो.

आधी मे महिन्यातली गोष्ट. मामा मर्चंट नेव्हीतून निवृत्त झाला आहे आणि पणजीला राहतो. त्याने आणि त्याच्या मित्राने, ज्यांना आम्ही डॉक्टरकाका म्हणतो, भागीदारीत २६ फुटांची एक जुनी फायबरची शिडाची होडी घेतली आहे. मांडवीत ती नांगरलेली असते आणि पावसाळ्यापूर्वी किनाऱ्यावर ओढली जाते. मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघे, म्हणजे मामा, मामी, डॉक्टरकाका आणि मी, आग्वादहून मालवणला निघालो. अंतर सरळ रेषेत ३५ सागरी मैलांच्या आसपास. पण उन्हाळ्यात कोकण किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येचा वारा भरतो. उत्तरेला जायचे तर तो जवळजवळ तोंडावर येतो. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. तिला कधी उत्तरेला, कधी पश्चिमेला असे नागमोडी जावे लागते, आणि प्रत्येक लाटेला नाळ आपटली की पाण्याचा सडा अंगावर येतो.

त्या होडीला जुना टप होता, होडीबरोबरच आलेला. गडद निळा, आणि इतका उंच की त्याच्याखाली मला जवळजवळ उभे राहता येत असे. मी मात्र सकाळी टपाबाहेर बसलो. आपल्याकडे पावसात पी.टी. झाली तरी कोणी छत्री मागत नाही, मग समुद्राच्या चार थेंबांना काय घाबरायचे, असा माझा बाणा होता. मामा काही बोलला नाही. साडेअकरा ते तीनपर्यंत मी भिजत राहिलो. मे महिना असूनही ओल्या अंगावर सतत वारा लागला की माणूस काकडतो, हे मला तेव्हा कळले. डोळ्यांत मीठ गेल्याने आग होत होती. दोनदा मी होकायंत्राचा आकडा चुकीचा वाचून सांगितला. तीन वाजता मामीने हाताला धरून मला टपाखाली बसवले आणि कोरडा शर्ट दिला.

मग मी दुसरी चूक केली. टपाखाली इतके बरे वाटले की मी तिथून हललोच नाही. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मालवण अजून चार-पाच मैल होते. आम्ही पश्चिमेकडे तोंड करून चाललो होतो आणि सूर्य बरोबर समोर होता. मामा सुकाणूवर होता. शीड आणि टप यांमुळे त्याला पुढचे थोडेच दिसत होते, म्हणून पुढे पाहायचे काम माझ्याकडे होते. मी पाहत होतो, पण टपाच्या खिडकीतून. ती खिडकी उन्हाने दुधाळ झालेली, वरून मिठाचा थर, त्यात समोरून ऊन. मला दिसत होता तो नुसता पिवळा उजेड. "पुढे काही नाही," मी दोनदा सांगितले.

तिसऱ्यांदा सांगण्याआधी लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला. आमच्या नाळेच्या पुढे एक लहान होडी होती. तिच्यात एक वयस्कर मासेमार जाळे ओढत होता आणि आम्ही थांबत नाही हे पाहून वल्हे होडीच्या काठावर बडवत होता. मामाने सुकाणू पूर्ण दाबले. होडी वळली, शीड फडफडले आणि आम्ही त्याच्यापासून पाच-सहा हातांवरून गेलो. जाताना त्याने माझ्याकडे पाहिले. मामाकडे नाही, माझ्याकडे. "डोळे खंय गेले तुजे?" एवढेच म्हणाला. मी काहीच बोलू शकलो नाही. साधे "चुकलो" सुद्धा नाही.

समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले. त्यांतला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक जहाजाने सर्व वेळ डोळ्यांनी आणि कानांनी योग्य पाळत ठेवली पाहिजे. त्यात मोठे जहाज, छोटी होडी असा भेद नाही. जाळे टाकून अडकलेल्या मासेमाराच्या वाटेतून शिडाच्या होडीने दूर व्हायचे असते, हेही त्याच नियमांत आहे. म्हणजे त्या दिवशी दोन्ही बाबतींत चूक आमची होती, आणि पाळत माझी होती.

आता वादाकडे येतो. डिसेंबरमध्ये जुना टप काढून टाकला तेव्हा घरात तीन मते होती. मामीचे म्हणणे, टपच नको, रेनकोट घालून बसू. डॉक्टरकाकांचे म्हणणे, पहिल्यापेक्षा मोठा टप करू आणि तो मागे वाढवून पूर्ण कॉकपिट झाकू, म्हणजे ऊनही लागणार नाही. मामा म्हणत होता, फायबरचे कायमचे छप्परच बसवू, एकदाची कटकट मिटेल. माझे मत होते, टप हवा, पण बुटका, मिटणारा, आणि आधी डोळ्यांचे माप घेऊन शिवलेला.

हे मत मांडताना मला आजोळी पाहिलेल्या इरल्याची आठवण झाली. भातलावणीच्या वेळी कोकणात बायका बांबूच्या पट्ट्यांचे आणि पानांचे इरले घेत. आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचा कागद आला, पण आजोळच्या पडवीत एक जुने इरले अजून टांगलेले आहे. ते डोक्यावरून पाठीवर उतरते. वाकून काम करताना पाऊस पाठीवर पडतो, पण समोरून ते उघडे असते. हात मोकळे, डोळे मोकळे. इरल्यात बसून आराम करता येत नाही. ते काम करणाऱ्यासाठीच आहे. छप्पर वेगळे. छपराखाली आपण काम संपवून जातो. होडी चालू असताना तिच्यावर इरले हवे, छप्पर नको, हे माझे म्हणणे.

मामीच्या मताला उत्तर देणे सर्वांत सोपे होते, कारण टपाशिवाय काय होते ते मी स्वतः करून पाहिले होते. भिजलेला, गारठलेला, डोळे चोळणारा माणूस चांगली पाळत ठेवू शकत नाही. त्याला होकायंत्राचा आकडासुद्धा नीट वाचता येत नाही. यात शौर्य काही नाही. आपल्यातल्या ज्यांना अजूनही वाटत असेल की आडोसा हा लेच्यापेच्यांसाठी असतो, त्यांच्यासाठी एक उदाहरण देतो.

डिसेंबर १९४२ मध्ये ब्रिटनच्या रॉयल मरीन्सचे मेजर हॅस्लर दहा जणांची तुकडी घेऊन पाणबुडीतून फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ उतरले. पाच कनू, त्यांच्या बाजू कॅनव्हासच्या. रात्री वल्हवत, दिवसा लपत ते शत्रूच्या ताब्यातल्या बोर्दो बंदरात पोचले आणि तिथल्या जहाजांना सुरुंग चिकटवले. दहांपैकी हॅस्लर आणि त्यांचा एक साथीदार असे दोघेच परत आले. याच हॅस्लरांनी पुढे १९६० मध्ये अटलांटिक एकट्याने ओलांडण्याच्या पहिल्या शर्यतीत भाग घेतला. त्यांची 'जेस्टर' ही होडी फक्त २५ फुटांची होती. तिला त्यांनी उघडे कॉकपिट ठेवलेच नाही. मधोमध एक गोल झडप केली आणि तिच्यावर बाबागाडीच्या टपासारखा मिटणारा, वाऱ्याप्रमाणे फिरवता येणारा कापडी टप बसवला. आत उभे राहून डोके तेवढे बाहेर काढायचे, चारी बाजूंना पाहायचे, आणि पुन्हा आत. ४८ दिवसांत ते पलीकडे पोचले आणि दुसरे आले. या माणसाला कोणी लेचापेचा म्हणणार नाही. गारठा आणि थकवा माणसाचे काय करतात, हे त्यांच्याइतके थोड्यांनाच ठाऊक असेल. म्हणूनच त्यांनी आडोसा केला, आणि केला तोही बाहेर पाहता येईल असा.

मामाच्या कायमच्या छपराचा विचार आम्ही गंभीरपणे केला. मोठ्या होड्यांवर, थंड समुद्रांत, टणक छप्पर चांगलेच. त्याला काचेसारख्या खिडक्या बसतात, वर उभे राहता येते. पण २६ फुटांच्या होडीवर प्रश्न वजनाचा आणि वाऱ्याचा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हे आपण शिकलोच आहोत. मी हिशेब केला. दीड चौरस मीटरच्या टपावर १५ नॉटच्या वाऱ्याचा जोर साधारण ६ किलो वजनाइतका येतो, ३० नॉटला साधारण २५ किलो. हे झाले वाऱ्याचे. एक घनमीटर समुद्राच्या पाण्याचे वजन एक टनाहून थोडे जास्त असते, आणि फुटणारी लाट असे कितीतरी घनमीटर आणते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती 'सुहैली' ही ३२ फुटांची सागवानी होडी आपल्या मुंबईतच बांधलेली. दक्षिण महासागरात एका लाटेने ती आडवी केली तेव्हा तिची लाकडी केबिनसुद्धा जागेवरून हलली होती. जिथे सागवान हलते तिथे छोट्या होडीवरच्या छपराचे काय? कापडी टपाचा मोठा गुण हा की वाईट हवा येताना दिसली की तो मिटून आडवा बांधता येतो. म्हणून टप निवडताना पहिली परीक्षा घड्याळ लावून घ्यावी. एकट्या माणसाला तो किती वेळात मिटता येतो? आमचा नवा टप दोन पट्टे सोडले की १५ सेकंदांत खाली येतो. जुन्याला सोळा टिचबटणे आणि दोन गंजलेल्या चेन होत्या. तो बंदरातसुद्धा मिटत नसे.

डॉक्टरकाकांचे म्हणणे खोडणे सर्वांत कठीण होते, कारण त्यांचे अर्धे म्हणणे बरोबर होते. आपल्या किनाऱ्यावर लाटेपेक्षा उन्हाने माणूस जास्त वेळा आडवा होतो. "तुझ्या त्या हॅस्लरला मे महिन्यातलं वेंगुर्लं दाखवायला हवं होतं," ते म्हणाले. हे मला मान्य आहे. दुपारी दोन वाजता कॉकपिटमध्ये बसणे म्हणजे तव्यावर बसणे. पण सावली आणि आडोसा ही दोन कामे आहेत, आणि एकाच कापडाला दोन्ही सांगितली की ते दोन्ही अर्धवट करते. सावलीसाठी कापड उंच आणि रुंद लागते, तुषारांसाठी बुटके आणि पुढे झुकलेले. शेवटी तोडगा असा निघाला की नांगर टाकल्यावर बूमवरून बांधायचा एक सुटा चांदवा शिवायचा, आणि चालत्या होडीवर टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि भरपूर पाणी. शिवाय टपाची मधली खिडकी चेन उघडून वर गुंडाळता येईल अशी केली. त्यामुळे हवा खेळते. तरी डॉक्टरकाका पूर्ण समाधानी नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

आता उंचीचा प्रश्न. माझ्या मते टप निवडताना निम्मी अक्कल इथेच खर्च करावी. आम्ही कारागिराकडे जाण्याआधी विजेच्या वायरिंगचे प्लास्टिकचे पाइप वाकवून कमानी केल्या, त्यांवर जुनी चादर टाचली, आणि प्रत्येकाला सुकाणूपाशी बसवून आणि उभे करून पाहिले. मामा पावणेसहा फूट, मामी पाच फूट. दोघेही होडी चालवतात, म्हणून दोघांचेही डोळे मोजले. नियम असा ठेवला की सुकाणू धरणाऱ्याची नजर एक तर टपाच्या सरळ वरून जावी, नाही तर खिडकीच्या मधून. टपाची कड बरोबर डोळ्यांसमोर आली तर माणूस दिवसभर मान वर-खाली करत बसतो आणि शेवटी पाहणे सोडून देतो.

"वरून दिसते" म्हणजे किती दिसते, हेही मोजता येते. दहावीचे समरूप त्रिकोण इथे कामाला आले. समजा टपाची वरची कड पाण्यापासून १८० सेंटिमीटर उंच आहे आणि सुकाणू धरणारा तिच्यामागे २ मीटरवर आहे. त्याचे डोळे कडेपेक्षा फक्त ५ सेंटिमीटर उंच असतील तर त्याच्या नजरेची रेषा पाण्याला ७४ मीटरवर टेकते. त्याच्या अलीकडचे पाणी टपाआड. डोळे १० सेंटिमीटर उंच असतील तर ३८ मीटर, २० सेंटिमीटर उंच असतील तर २० मीटर. होडी ५ नॉटने चालली असेल तर ७४ मीटर जायला अर्ध्या मिनिटाहून किंचित कमी वेळ लागतो. म्हणजे जाळ्याचा बोया एकदा टपाआड गेला की अर्धा मिनिट तो दिसणारच नाही, आणि तेवढ्यात आपण त्याच्यावर असू. होडीत बसलेला माणूस पाण्यापेक्षा उंच असतो म्हणून तो आणखी जवळ येईपर्यंत दिसेल, पण त्या भरवशावर कोणी राहू नये. टप १५ सेंटिमीटरने बुटका केला तर अंगावर चार थेंब जास्त येतात, आणि समोरचे पन्नासेक मीटर पाणी नजरेत येते. मला हा सौदा स्वस्त वाटतो.

खिडकी हा दुसरा महत्त्वाचा भाग. बाजारात रोलवर मिळणारे साधे पारदर्शक प्लास्टिक स्वस्त असते, पण त्यात लहरी असतात आणि त्यांतून पाहिले की समोरचे तरंगते. दाबून गुळगुळीत केलेली जाड शीट महाग पडते, पण त्यातून सरळ दिसते. पॉलिकार्बोनेट आणखी स्वच्छ, मात्र ते मिटत नाही, म्हणून मिटणाऱ्या टपाला उपयोगाचे नाही. शीट कुठलीही असो, तिच्यावर मीठ वाळू द्यायचे नाही. कोरड्या फडक्याने पुसले की मिठाचे कण काचकागदासारखे घासतात. आधी गोडे पाणी ओतायचे, मग मऊ कापड. टप मिटताना शीटला घडी न घालता ती गुंडाळायची आणि मध्ये पंचा ठेवायचा. बंदरात असताना खिडक्यांवर कापडी झाकण घालायचे, कारण शीट दुधाळ होते ती उन्हानेच.

कापडाच्या बाबतीत कारागिराने पहिल्यांदा रेक्झिन सुचवले. तो पणजीत रिक्षांचे टप आणि गाड्यांच्या सीट शिवतो आणि त्याचा हात चांगला आहे. रेक्झिनमधून पाणी अजिबात आत येत नाही, हे खरे. पण त्याला हवाही लागत नाही. आतून घाम धरतो, पाठीमागच्या सुती अस्तराला बुरशी येते आणि उन्हात वर्षा-दोन वर्षांत भेगा पडतात. जुन्या पद्धतीचा सुती कॅनव्हास ओला राहिला की कुजतो. आम्ही अ‍ॅक्रिलिकचे जाड कापड घेतले. त्यात रंग धाग्यातच मुरलेला असतो, म्हणून तो उन्हाने सहज विटत नाही, आणि कापड श्वास घेते. जोराच्या पावसात शिवणीतून एखादा थेंब येतो, तो चालतो. रंग फिकट करडा घेतला. गडद निळा दिसतो छान, पण तापतो.

एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती दोऱ्याची. कापड टिकते, दोरा आधी जातो. साधा सुती दोरा तर विचारातही घेऊ नये. पॉलिएस्टरचा चालतो, पण आपल्या उन्हात दर काही वर्षांनी शिवण पुन्हा मारावी लागते. टेफ्लॉनच्या जातीचा दोरा कापडाच्या आधी तुटत नाही. तो कित्येक पट महाग आहे. आम्ही पॉलिएस्टरचा घेतला, आणि दर पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर असताना शिवणी तपासायचे काम माझ्या नावावर लिहिले गेले आहे. चेन घ्यायची तर जाड प्लास्टिकच्या दातांची. धातूची चेन खाऱ्या हवेत जाम होते.

कमानींना ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचा २५ मिलिमीटरचा पाइप वापरला. जिन्यांचे कठडे करणाऱ्याने तो वाकवून दिला. इथे एक धडा मेमधलाच. होडी डुलत असताना पुढे जाणारा माणूस हाताला येईल ते धरतो, आणि सर्वांत आधी हाताला येतो तो टप. डॉक्टरकाकांनी जुना टप धरला तेव्हा तळाचे स्क्रू उपटून आले होते आणि ते कॉकपिटमध्ये बसले, पडले म्हणणे त्यांना आवडत नाही. आता मागच्या कमानीला धरायला आडवी दांडी आहे आणि कमानींचे पाय आरपार बोल्टने, खाली पट्टी देऊन बसवले आहेत. शेवटचे दोन मुद्दे बंदरातच तपासावेत. बूम खाली आली तरी तिच्यात आणि टपात वीतभर अंतर हवे, आणि केबिनवरच्या विंचचे हँडल टपाला न अडता पूर्ण फिरले पाहिजे. हे आम्ही चादरीच्या टपावरच पाहिले, म्हणून कापड वाया गेले नाही.

नाताळानंतर नवा टप लावून आम्ही दोन दिवस समुद्रावर गेलो. दुपारी नाळेवरून पाणी आले ते टपावरून घरंगळून बाजूला गेले. माझे केस ओले झाले, पाठ कोरडी राहिली. संध्याकाळी पाळतीवर मीच होतो. सूर्य खाली आल्यावर मी मधली खिडकी वर गुंडाळली आणि दर काही मिनिटांनी उभा राहून टपावरून चारी बाजूंना पाहिले. थोडे थेंब आले. बोये दिसले, होड्याही दिसल्या, आणि त्या आम्ही लांबूनच टाळल्या. हे काही मोठे नाही, पण मला बरे वाटले.

शाळेत परत आल्यावर एक गोष्ट पहिल्यांदाच नीट पाहिली. आपल्या मेन गेटवरच्या पहारेकऱ्याच्या चौकीला छप्पर आहे, तीन बाजूंना भिंती आहेत, आणि रस्त्याकडची बाजू उघडी आहे. जानेवारीच्या धुक्यात ती बाजू बंद केली तर आत किती ऊब येईल! पण ती कोणी बंद करत नाही, आणि पहारेकऱ्याला छपराखाली उभा राहतो म्हणून कोणी हसतही नाही. चौकी बांधणाऱ्याला काय नेमून दिले होते ते स्पष्ट होते. होडीला टप शिवून घेणाऱ्यानेही आधी तेच ठरवावे. टप कोणासाठी, आणि त्याने त्यामागे बसून काय करायचे आहे?

येत्या मे महिन्यात आम्ही पुन्हा मालवणला जाणार आहोत. तो मासेमार कुठल्या वाडीतला हे मामाने विचारून ठेवले आहे. नवा टप त्याला दाखवण्यात मला रस नाही, त्यालाही नसेल. त्या संध्याकाळी जो शब्द तोंडातून फुटला नाही, तो तिथे जाऊन म्हणायचा आहे.

— कॅडेट, इयत्ता दहावी